भोक धाकटीच्या घराखालून

४ मार्च, मंगळवार

भोक धाकटीच्या घराखालून जाणार! माझ्या नाही. तिच्या.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. दोन घरं, मधे कंबरेएवढं कुंपण. दोघींचे नवरे गेले, दोघींचे गुडघे गेले, खारा वारा दोघींच्या खिडक्या सारख्याच खातो. आणि कंपनीला भोक पाडायला घर सापडलं ते तिचं!

टोपीवाला साहेब आला होता. नकाशा उघडला तो तिच्या पायरीवर. मी कुंपणावरून ऐकलं — कान लांब असले की पाय वाचतात. दूर समुद्रात पंखे उभे करणार आहेत, एकेक म्हणे दहा घरांच्या चळतीएवढा. त्यांची वीज जाड केबलीतून जमिनीवर आणायची. पण केबल वाळूत नुसती पुरली तर लाटा तिला उघडी पाडतात. म्हणून मागच्या माळावर यंत्र बसवून जमिनीच्या पोटातून भोक पाडत न्यायचं — घराखालून, रस्त्याखालून, वाळूखालून — आणि थेट समुद्राच्या तळाशी बाहेर काढायचं. केबल त्यातून ओढायची. वर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही म्हणाला.

पत्ता लागणार नाही! तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत धाकटीचं सगळीकडे सांगून झालं होतं.

हे मी फोनशी बोलते आहे. मला अक्षर येत नाही. नातीने सोय करून दिली — 'आजी, हे बटण दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून ठेवील. कुणी वाचणार नाही.' मी म्हटलं, मीसुद्धा नाही! आणखी एक बटण आहे, ते दाबलं की फोनमधली बाई माझंच बोलणं मला वाचून दाखवते. माझ्यापेक्षा ठसक्यात. तिचाही मला जरा रागच येतो.

७ मार्च, शुक्रवार

नात आली! लेकीची लेक. चालायला लागली ती याच घरात. याच कामावर तिची नेमणूक झाली आहे. कंपनी हॉटेल देत होती, हिने सांगितलं — मी आजीकडे राहणार. हे मी धाकटीला कुंपणावरून ऐकवलं. पुन्हा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'ऐकलं हो जाऊबाई, माझे कान चांगले आहेत.'

म्हणजे माझे नाहीत!

एवढी शिकली आणि काम काय, तर चिखल कालवायचा. 'आजी, चिखल काय म्हणतेस! त्याच्याशिवाय भोक उभंच राहत नाही.' पोत्यातून एक करडी माती येते, पिठासारखी. ती पाण्यात कालवायची, पंपाने पाइपातून आत सोडायची. टोकाशी जाऊन ती कापलेली वाळू उचलते, भोकाच्या भिंतींना धरून ठेवते आणि परत माळावरच्या खड्ड्यात येते. फार दाट झाली तर दाब वाढतो, फार पातळ झाली तर भोक ढासळतं. आणि गेली तेवढी परत यायला हवी. हिचं दिवसभर हेच बघणं.

मी म्हटलं, 'बरं आहे. आम्ही पाठवलेलं कधी एवढं मोजून परत आलं नाही. तुझी आई बघ.'

'आजी!'

बरं, गप्प बसते.

१० मार्च, सोमवार

धाकटीच्या अंगणातून तार टाकली. खुंट्या मारून, ताणून. जमिनीखाली टोक कुठवर पोचलं ते या तारेवरून वर कळतं. म्हणून सुकाणूवाला दिवसातून दहादा तिच्या दारात. तो यंत्रावरच्या माणसाला घड्याळाने सांगतो — 'दोनवर धर! आता ढकल!' टोकाचं तोंड एका बाजूला उतरतं केलेलं असतं. ते दोनकडे फिरवून ढकललं की भोक वर-उजवीकडे वळतं, सहाकडे फिरवलं की खाली. अक्षर येत नसलं तरी घड्याळ मला येतं. माझ्या अंगणात तार असती तर मीही ओरडले असते!

तिच्या भिंतीलाही एक पट्टी चिकटवली आहे. भेग वाढते का बघायला. मी टोपीवाल्याला म्हटलं, माझ्या भिंतीलाही लावा. म्हणाला, 'आजी, आपली रेष तुमच्याखालून जात नाही.' मी म्हटलं, रेष नसेल, भेग तर आहे! धाकटीपेक्षा चांगली भेग आहे माझी.

हसला. मी हसायला नव्हतं सांगितलं.

११ मार्च

नात दुपारी धाकटीकडे जेवली. 'पट्टी बघायला गेले होते ना.' पट्टी काय ताट वाढते?

१३ मार्च, गुरुवार

धाकटीच्या घरात हसणं चाललंय. माझ्या घरात फक्त नळ गळतोय.

खरं सांगू, तिच्याकडे येतं कोण? मुलगा परदेशी. फोनवर दिसतो, तोही नुसतं कपाळ दिसतं. एवढ्या वर्षांत तिला कधी माझ्यापुढे मिरवायला काही मिळालं नव्हतं, मी निवांत होते. आता अंगणात तार, भिंतीला पट्टी, जेवायला माझी नात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना — इथे तर बीळही कंपनीनेच पाडून दिलं!

१५ मार्च, शनिवार

आज लाज गेली. मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून नातीची हाक आली, 'आजी!' मी म्हटलं, 'काय गं?'

मला नव्हती हाक. धाकटीला होती. आजवर ती तिला 'धाकटी आजी' म्हणायची. आज नुसती 'आजी'. धाकटी माझ्याकडे बघून गालात हसली आणि म्हणाली, 'ओ बाळा!'

ओला टॉवेल पिळून झाला होता. मी पुन्हा पिळला.

१७ मार्च, सोमवार

आली! माझ्याकडे आली!

न्हाणीघरामागे पुदिन्याचा वाफा आहे. सकाळी पाणी घालायला गेले तर मधोमध करडं काहीतरी फुगून आलं होतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं हळूहळू. बोट घातलं. गार, गुळगुळीत, लोण्यासारखं. एक खडा नाही. ही तीच माती! नातीच्या बुटांवर रोज पाहते मी, ओळखणार नाही?

रेष तिकडून काढली, तार तिकडे टाकली, पट्टी तिकडे लावली. आणि माती सगळं ओलांडून आली कुठे? ज्याचं त्याला कळतं. मी वर घमेलं पालथं घातलं. कुणाला सांगायचं नाही. एवढं तरी माझं एकटीचं असू दे.

१९ मार्च, बुधवार

हात मऊ झालेत! काल घमेलं उचलून नीट करताना माती हाताला लागली, वाळली, धुतली — आणि हे माझेच का हात, असं झालं. भांडी घासून घासून झालेली सालं गेली. म्हणून आज थोडी तोंडाला लावली. दार लावून. वाळताना चेहरा असा ओढला की फार वर्षांनी माझं तोंड आपोआप बंद राहिलं.

संध्याकाळी धाकटी कुंपणाशी आली. बघत राहिली. 'जाऊबाई, काय लावता हो हल्ली?'

'काही नाही गं. मन साफ असलं की दिसतं तोंडावर.'

तिला रात्रभर झोप लागू नये एवढीच इच्छा आहे.

२१ मार्च, शुक्रवार

धाकटी म्हणाली, 'पोरीचं काळजीचं आहे हो.'

कोणत्या पोरीचं? तर आपल्या! चार-पाच दिवस झाले, चिखल जातो तेवढा परत येत नाही. कुठे जातो कळत नाही. टोपीवाला म्हणतो, हिचं मिश्रण चुकलं आहे, पातळ झालं आहे, जमिनीत मुरतं. ही म्हणते, मिश्रण बरोबर आहे, चिखल कुठेतरी वर फुटतोय, शोधा. त्यांनी तारेखालची सगळी जागा पाहिली, रस्ता पाहिला, वाळू पाहिली. कुठे काही नाही. काम जवळजवळ थांबलं आहे. आठवडाभरात सापडलं नाही तर हिला परत पाठवणार आणि मुख्य ऑफिसातून दुसरा माणूस आणणार. पहिलंच मोठं काम तिचं. तिथेच हा डाग लागला तर पुढे कोण घेईल?

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, 'तुम्हाला नाही बोलली? मला तर सगळं सांगते. रडली बिचारी माझ्या मांडीवर.'

तोंड मिटलं. तिला सांगितलंस ना? मग तिनेच शोधावं!

२२ मार्च

सांगणार होते. सकाळी ती घाईत होती. संध्याकाळी ती धाकटीकडे. मग मलाही घाई नव्हती.

वाफ्यातलं घमेलं आता तरंगतंय. त्यावर दगड ठेवला.

२३ मार्च, रविवार

सापडलं.

ती चहा पीत होती, मी वाकून तिच्या कपात आणखी ओतत होते. तिने एकदम माझ्या कानाची पाळी धरली. मला वाटलं, लाडात आली! बऱ्याच दिवसांनी. मी म्हटलंही, 'काय गं लबाडे?' तिने कानामागून नखाने काहीतरी खरवडलं, दोन बोटांत चोळलं, थुंकी लावून पुन्हा चोळलं. दिवसभर तेच करते ना ती, तिची बोटं चुकायची नाहीत.

'आजी, हे कुठलं?'

'म्हातारपणाचं असेल.'

हसली नाही. उठली, सरळ न्हाणीघरामागे गेली. दगड काढल्याचा आवाज आला. घमेलं आपटल्याचा आला.

परत आली ती दारातच उभी राहिली. 'सगळ्यांपुढे मी एकटी भांडत होते आजी, की चिखल कुठेतरी वर येतोय. माझं खरं होतं. आणि तू ते झाकून बसली होतीस. तोंडाला लावत होतीस!'

मी म्हटलं, 'मला वाटलं —'

काय वाटलं ते मला पुढे सांगता येईना. माझ्यासारखीला! फोनमधल्या बाईला विचारा, मी कधी अडखळते का.

२३ मार्च, दुपार

ती माळावर गेल्यावर मीही गेले. काठी टेकत. यंत्र गप्प होतं. टोपीवाल्याला म्हटलं, 'मुलीची चूक नाही. मी लपवलं.'

'का पण आजी?'

'हेवा वाटला.'

'कुणाचा?'

'भोकाचा,' म्हटलं. जावेचं नाव सगळ्यांपुढे घ्यायला जड गेलं.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. नातीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२५ मार्च, मंगळवार

माझं अंगण भरून गेलं आहे. वाफ्याभोवती वाळूची पोती रचली, गाडी आली, तिचा जाड पाइप चिखल शोषून घेतोय. जुन्या विहिरीची बुजवलेली जागा आहे म्हणे तिथे, तीतून माती वर चढली. नातीने नवीन मिश्रण केलं, फाटक्या कापसासारखं काहीतरी घालून — फट बुजते त्याने. टोपीवाला सगळ्यांदेखत म्हणाला, 'तुमचंच बरोबर होतं.' राहिली ती. परत जाणार नाही!

सुकाणूवाला माझ्या पायरीवर, टोपीवाला माझ्या खुर्चीवर, यंत्रावरची माणसं माझ्या कपांतून चहा पितायत. एकाने तर माझ्या भेगेलाही पट्टी लावली. आणि कुंपणापलीकडे धाकटी एकटी उभी, मान उंच करून. हेच तर मागत होते मी!

नातीने आपला कप उचलला, कुंपणावरून पलीकडे गेली आणि तिथे प्यायली.

२६ मार्च, बुधवार

अजून पुढचा टप्पा आहे. म्हणून दिवसभर सगळ्या अंगणांवर नजर ठेवायला इथलंच कुणीतरी हवं होतं. कुठे करडं दिसलं की लगेच माळावर कळवायचं. टोपीवाल्याने विचारलं, कोण बघेल? नात म्हणाली, 'धाकटी आजी बघेल.'

पुन्हा 'धाकटी' म्हणाली, हे मी ऐकलं. पण काय उपयोग?

धाकटीला केशरी जाकीट दिलं आहे. गुडघ्यापर्यंत येतं. गळ्यात शिट्टी. तारेच्या बाजूने अशी चालते जसा समुद्र हिच्या परवानगीने येतोजातो. दुपारी माझ्या फाटकाशी आली. 'जाऊबाई, तपासणी!'

'काय तपासणार? तुझं डोकं?'

'घमेलं उचला.'

उचललं. खाली गांडूळ होतं. 'याचीही नोंद करते का साहेबीण?' म्हटलं.

'तोंड दाखवा,' म्हणाली. जवळ येऊन माझे गाल नीट पाहिले. दोन्ही. बराच वेळ. 'धुतलेत मी!' ओरडले मी तिच्यावर.

२७ मार्च

मीठ कुठे आहे, टॉवेल वाळला का, दार ओढून घे. नात माझ्याशी एवढंच बोलते. धाकटीशी मात्र पुस्तकभर.

जाकीट मला शोभलं असतं. मी उंच आहे.

३० मार्च, रविवार

आज नात माझ्याजवळ येऊन बसली. आपणहून! मी हलले नाही, पाखरू उडून जाईल म्हणून.

म्हणाली, 'आजी, उद्या टोक समुद्रात बाहेर येईल. पाणबुडे होडीवर थांबलेत.' शेवटचा भाग नाजूक आहे म्हणे. वर वाळू थोडी, खाली दाब जास्त. साहेब थांबून थांबून जायचं म्हणत होते, हिने शब्द दिला आहे — वर कुठे थेंब आला तर तासाभरात मला कळेल, मी सांभाळीन, तुम्ही पुढे चला. 'कळलं नाही आणि भोक बसलं, तर मग या वेळी खरंच माझ्यावर येईल. आणि बरोबरच असेल ते.'

मी म्हटलं, 'धाकटी आहे ना. डोळ्यांत तेल घालून बघते. माझे गालसुद्धा तपासते ती.'

हे मी म्हटलं! जीभ झडली नाही, बघ.

ती हसली. मग माझा हात हातात घेऊन अंगठ्याने चोळून पाहिला, आणि म्हणाली, 'खरंच मऊ झालाय गं.' आणि डोकं खांद्यावर टेकलं. माझ्या. धाकटीच्या नाही.

आजचं हे फोनमधल्या बाईकडून दोनदा वाचून घेतलं.

३१ मार्च, सोमवार

चालता चालता बोलते आहे. पाय उचल गं!

धाकटी सकाळपासून फिरताना दिसली नाही, म्हणून तिच्याकडे गेले. दार उघडलं तर अंगात केशरी जाकीट आणि तोंड पूर्ण करडं. फक्त डोळे. तिच्या जिन्याखाली माती वर आली आहे, उजाडल्यापासून. परात ठेवली होती तिने वर. म्हणाली, 'वाळली की सांगणारच होते हो जाऊबाई. तुमचे गाल बघून राहवेना.' मग करड्यावरून पाण्याचे दोन ओघळ उतरले. 'आता ती मला कधी आजी म्हणणार नाही.'

माझ्या हाती आयतं आलं होतं. एकटीनेच माळ गाठायचा, बस्स.

मी परातीत हात बुडवला आणि दोन्ही गालांना ओढला. म्हटलं, 'धुवत बसू नकोस, वेळ नाही. सांगायचं, थोरलीने बळेच लावायला लावली. माझं नाव आधीच खराब आहे, त्यात आणखी थोडा चिखल मावेल. चल, जाऊ.'